पाचवं पिंप

तैशो सम्राटांचं दुसरं वर्ष, ९ जानेवारी

पाचव्या पिंपाचा फेस बसला!

तांदळाची दारू, साके, आंबायला घालून आज नववा दिवस. आज फेस काठाशी यायला हवा — इतका, की तो खाली लोटायला शिडीवर माणूस बसवावा लागतो. सकाळी झाकण सरकवलं तर फाटलेल्या सायीसारखे चार तुकडे तरंगतायत. नाक खाली नेलं. पिकल्या खरबुजाचा वास यायला हवा होता. लोणच्याच्या जुन्या पाण्याचा आला. बोट बुडवून जिभेला लावलं. आंबट.

हेइसुके खाली शिडी धरून उभा होता. माझ्या बायकोचा भाऊ. मी इथला तोजी, दारू करणाऱ्यांचा मुख्य; हा माझ्या हाताखालचा पहिला माणूस. "दाजी, काय झालं?"

"काही नाही. गारठलंय. ऊन पाण्याचं पिंपुकलं सोड आत."

सोडलं त्याने. पण तो वीस हिवाळे माझ्याबरोबर आहे. त्यालाही नाक आहे.

मालकांच्या वहीत लिहिलं — "पाचवं: फेस उत्तम." खरं लिहायला ही वही. अंथरुणाखाली ठेवीन.

१० जानेवारी

ऊब देऊन काही उपयोग नाही. जास्तच आंबट.

१२ जानेवारी

चौथं पण!

विरजण मी स्वतः लावलं होतं. तांदूळ तोच, गेल्या वर्षीच्याच शेतांतला. कोजीची, म्हणजे तांदळावर बुरशी चढवायची खोली मी स्वतः राखेच्या पाण्याने धुतली. मग कुठे चुकलं? दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाही. माणसांना रांगेत उभं करून विचारलं — कोणी बाहेर जाऊन आंबवलेले सोयाबीन खाल्ले का? त्यांचे जंतू कपड्यांवरून आत येतात. सगळे माना हलवतात. माझ्या माणसांतला उनोसुके म्हणाला, "तोजी, तीन महिने मुळा आणि बार्ली खातोय. सोयाबीन स्वप्नात येतात फक्त." बाकीचे हसले. मी त्याला झापलं. उगीच झापलं.

शिंपल्यांची पूड आणवली आहे. पिंपात टाकली की आंबटपणा दबतो. चव मरते, पण दबतो. हेइसुकेला म्हटलं, कोणी विचारलं तर सांग — कोंबड्यांसाठी.

"आपल्याकडे कोंबड्या नाहीत, दाजी."

"मग शेजारच्यांच्या कोंबड्यांसाठी!"

मालकांना सांगायला हवं. रोज सकाळी ठरवतो. हिराओका मालक सभ्य माणूस. सकाळी दारात येतात, विचारतात, "तोजी, सगळं ठीक ना?" आणि मी वाकतो. वाकलं की तोंड दिसत नाही, हे बरं.

कामिनोसेच्या या पेठेत साकेची नऊ घरं. नऊही घरांचे तोजी आमच्या तोचिबारा गावचे. आमच्या आजोबांपासून हे असंच. हिवाळ्यात आमच्याकडे बर्फाशिवाय काही नाही, म्हणून साठ माणसं डोंगर उतरून इथे येतात. एका घराचं साके नासलं की त्या तोजीची माणसं पुढच्या वर्षी नकोत. पलीकडच्या खोऱ्यातले टपून बसलेत. म्हणून आमच्यात एकच नियम — घरातला वास घराबाहेर जायचा नाही.

१५ जानेवारी

स्नानगृहात इसाबुरो भेटला. चढावरच्या घराचा तोजी. तोचिबारात आमची दोघांची घरं एका बांधाला लागून. एकाच भटजींकडे देवळात अक्षरं शिकलो, एकाच वर्षी पहिल्यांदा डोंगर उतरलो. तो माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा, आणि हे तो मला चाळीस वर्षं ऐकवतोय.

"काय रे तोकु, फिरव पाठ इकडे. अख्ख्या हिवाळ्याचा मळ दिसतोय!"

"तुझ्या पाठीवर आधी नांगर फिरव, म्हाताऱ्या."

दोघंही हसलो. तो पाठ घासत होता. मग घासता घासता थांबला.

"तुमची पिंपं कशी आहेत यंदा?"

तोजी तोजीला असं विचारत नाही. त्याने चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"झकास," मी म्हणालो. "पाचव्याला असा फेस, की दोन माणसं पुरत नाहीत."

"असं?"

"तुमची?"

त्याने माझ्या पाठीवर ऊन पाणी ओतलं. "आमचीही बरी. बरीच म्हणायची."

नेहमी नंतर समोरच्या टपरीत बसतो. आज बसला नाही. काम आहे म्हणाला.

एवढं सहज कसं खोटं बोललो मी!

१८ जानेवारी

दुसरं, सातवं. आता अकरापैकी चार.

२० जानेवारी

चढावरच्या घराचं बिंग फुटलं.

तिथल्या मालकांच्या आईने कोठारातून वाटी मागवून स्वतः चव घेतली म्हणे. ऐंशी वर्षांची बाई. इसाबुरोला रस्त्यावर उभं करून, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर — "माझ्या सासऱ्यांच्या काळापासून या पिंपांत आंबट थेंब शिरला नाही, तू व्हिनेगर भरलंस!" आमचा पिंप धुणारा तिथून चालला होता, त्याने ऐकलं. इसाबुरो मान खाली घालून ऐकत होता म्हणे.

आमच्याकडे जेवताना उनोसुके म्हणाला, "बिचारे इसाबुरोदादा."

मला काय वाटलं ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? मला बरं वाटलं. वाटलं, आता सगळ्यांचं लक्ष तिकडे.

२३ जानेवारी

इसाबुरो गेला.

काल पहाटे. त्याने हाताखालच्या माणसाच्या टेबलावर शिक्का आणि वही नीट ठेवली, पेंढ्याचा झगा घातला आणि निघाला. कोणाला काही बोलला नाही. सामान सगळं खोलीतच. त्याच्या पावलांच्या खुणा डोंगराकडे जात होत्या. दुपारी वादळ सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही.

सगळे एकच म्हणतात. डोंगरात गेला — मरायला. खालच्या गल्लीतल्या एका तोजीने असंच केलं होतं, माझ्या वडिलांच्या वेळी.

२५ जानेवारी

शोध थांबवला. कमरेच्या वर बर्फ. मी एक दिवस गेलो होतो, हाका मारून आलो. हाक दहा हातांपलीकडे जात नव्हती.

२८ जानेवारी

आज जे केलं ते.

चढावरच्या मालकांनी बोलावलं. त्यांना पेढीवाल्यांना दाखवायला कागद हवा होता — घराचा दोष नाही, तांदळाचा नाही, तोजीचा आहे. "तुम्ही त्याच्या गावचे. तुमच्या शब्दाला वजन आहे." मला पिंपांपाशी नेलं. झाकण उघडण्याआधीच कळलं. तोच वास. अगदी तोच. आमच्या पाचव्याचा.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. "आमच्याकडेही हेच झालंय" — तीन शब्द. ते बोललो असतो तर तोचिबाराची एकाऐवजी दोन घरं गेली असती. माझे आठ लोक. हेइसुकेच्या घरी पाच पोरं. आणि इसाबुरो तर गेलाच. मेलेल्याला काय फरक पडतो? — असं मी मनाशी म्हटलं. अगदी याच शब्दांत.

लिहिलं: "विरजण कच्चं असताना घाई केली. दोष हाताचा." खाली नाव. शिक्का.

मालकांनी चहा दिला. प्यायलो.

४ फेब्रुवारी

काल घरोघर राक्षस हाकलायला दाणे फेकले. रस्ताभर दाणे पडलेत.

आज ओतामी आली. इसाबुरोची बायको. दोन दिवस बर्फातून चालत, त्याचं सामान न्यायला. गावात प्रेताशिवायच विधी उरकले. भटजी म्हणे आधी तयार नव्हते.

आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तर नको म्हणाली — बाईने कोठारात पाय ठेवू नये, तिला ठाऊक आहे. त्याची गादी पाठीवर बांधलेली. वाकलेली. गादीच्या ओझ्याने की कशाने, देव जाणे.

"भावजी, हे तुम्हाला काही बोलले होते का?"

"नाही."

"तुम्हालाही नाही?" मग म्हणाली, "लोक म्हणतात घाबरले. हे घाबरणारे नव्हते हो. तुम्हाला तर माहीत आहे."

मी म्हणालो, "बर्फ पडायच्या आत निघ."

ती गेली. समोरच्या पिंपवाल्याच्या दुकानातून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "भित्र्याची बायको ना ही?" तिने ऐकलं. मान वळवली नाही.

५ फेब्रुवारी

शिंपल्यांची पूड संपली. नवी आणवली नाही.

११ फेब्रुवारी

मालकांना सांगितलं.

सांगितलं म्हणजे — त्यांनीच दुसऱ्या पिंपातून वाटी भरून घेतली आणि मी अडवलं नाही. प्यायले. वाटी खाली ठेवली. मी गुडघ्यांवर बसून कपाळ फरशीला टेकलं.

"किती?"

"सगळी. अकराव्यापर्यंत."

"कधीपासून?"

"नऊ जानेवारी."

"महिना झाला, तोजी." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. "महिनाभर मी रोज सकाळी तुम्हाला विचारत होतो."

१४ फेब्रुवारी

आज ओतून द्यायचं ठरलं. रस्त्यावरचे लोक उठायच्या आत उरकू, असं मालक म्हणाले, म्हणून पहाटेच सगळे तयार. आमचं घर पुलाजवळ, पेठेत सगळ्यात खाली. मागच्या दाराने पन्हळ नदीत सोडली आहे.

मी बोळा काढायला जाणार, तेवढ्यात हेइसुकेने हाक मारली. "दाजी, इकडे या. नदी बघा."

उजाडलं होतं. नदी पांढरी. तांदळाच्या पेजेसारखी, काठापासून काठापर्यंत. आणि वास! आमचा तर अजून एक थेंब गेला नव्हता.

आम्ही पुलावर गेलो. वरून येत होतं. वरच्या वळणावर एका घराच्या मागे दोन माणसं वाकलेली. त्याच्याही वर दुसऱ्या घराची पन्हळ वाहत होती. सगळेच, लोक उठायच्या आत, उरकत होते.

उनोसुके आधी हसला, मग रडायला लागला. चाळिशीचा बाप्या, कठड्याला धरून.

२१ फेब्रुवारी

दारूवरच्या कर कचेरीच्या प्रयोगशाळेतून नागाई नावाचे साहेब आले आहेत. तरुण, चष्मा, हात सारखे शेगडीवर धरतात. साकेवाल्या मालकांच्या संघाच्या दिवाणखान्यात आम्हा तोज्यांना बसवलं. नऊ आसनं मांडली होती. आठ भरली.

"पहिलं पिंप कधी आंबलं, तेवढं सांगा. फक्त तारीख."

शेवटी देन्रोकू म्हणाले — आमच्यातले सगळ्यात वडील, सत्तरीचे. "चार जानेवारी."

मग दुसरा. "सहा."

"सात."

"आम्हीही सात."

असं करत माझ्यापर्यंत आलं. "नऊ," मी म्हणालो. मी शेवटचा होतो. माझ्या आधी सगळ्यांचं आंबलं होतं.

नागाईसाहेबांनी लिहून घेतलं. चष्मा काढला. "सगळ्या पेठेत पाच दिवसांत. म्हणजे हा कोणाच्या हाताचा दोष नाही, हे तुम्हाला त्याच आठवड्यात कळलं असतं. तुमच्यापैकी कोणी कोणाला विचारलं नाही?"

आठ माना खाली.

विचारलं होतं एकाने. मी बोललो नाही.

९ मार्च

पाणी. नागाईसाहेब म्हणतात, पाणी.

डोंगरात रेल्वेचा बोगदा गेला शरदात. त्यांचा अंदाज असा, की सुरुंगांनी खडकातली जुनी धार तुटली आणि वरच्या दलदलीचं पाणी आमच्या आडांत उतरलं. जिभेला कळत नाही. विरजणाला कळतं.

पण अंदाजच. "जानेवारीचं पाणी कोणी ठेवलंय का? एखादी बाटली?" कोणी ठेवलं नव्हतं. आता बर्फ वितळतंय, सगळ्या आडांत बर्फाचंच पाणी. आता तपासून काही सिद्ध होत नाही.

१२ मार्च

रेल्वेचे लोक आले होते. दोघं, टोप्या घालून. संघाच्या मालकांसमोर त्यांनी एक कागद ठेवला.

माझा कागद! "दोष हाताचा." चढावरच्या मालकांनी पेढीवाल्यांना दिलेला, तो फिरत फिरत त्यांच्याकडे पोचला.

"तुमच्याच पेठेतला अनुभवी तोजी लिहून देतोय," त्यातला एक म्हणाला. "बोगद्याचा काय संबंध?"

नागाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहिलंत? अठ्ठावीस जानेवारीला? तेव्हा तुमची स्वतःची किती नासली होती?"

सगळे ऐकत होते. देन्रोकूसुद्धा.

"सहा... नाही. आठ."

टोपीवाल्यांनी कागद उचलून परत खिशात ठेवला. खोटा ठरला तरी त्यांच्या कामाचा. आता नाही म्हणालो तर म्हणतील, हा माणूस तेव्हा खोटं बोलत होता की आत्ता?

२६ मार्च

गावी आलो. नेहमी आम्ही परतताना गाणं म्हणत येतो, ढवळण्याचं. यंदा साठ माणसं एका ओळीत, मुकी. पुढच्या हिवाळ्यासाठी नवांपैकी तीन घरांनी कळवलंय — पलीकडच्या खोऱ्यातले घेणार. तीन घरं बंदच होणार. हिराओका मालक काही बोलले नाहीत. निरोप देताना दारात आले नाहीत, एवढंच.

बायकोने विचारलं नाही. हेइसुकेने आधीच सांगितलं असणार.

२ एप्रिल

ओतामीकडे गेलो. ठरवून गेलो होतो — कागदाचं सांगायचं. ती अंगणात बियाणं निवडत होती. तिच्या दारावरून शेजारणी जात होत्या, कोणी थांबत नव्हत्या. देवळाच्या फळीवर मेलेल्यांच्या नावांत इसाबुरोचं नाव अजून लावलेलं नाही. स्वतःहून डोंगरात गेलेल्याचं लावत नाहीत.

"बसा भावजी."

बसलो. यंदा बर्फ उशिरा वितळतंय म्हणालो. हो म्हणाली. बार्लीचा चहा दिला तिने. उठून आलो.

१९ एप्रिल

आज परत गेलो. परत बर्फाबद्दलच बोललो.

२७ एप्रिल

सापडला. बोगद्याच्या खालच्या घळीत, दरड कोसळून आलेल्या बर्फात. लाकूडतोड्यांना दिसला. डोकं कामिनोसेकडे, पाय डोंगराकडे — परत येत होता. मरायला गेलेला माणूस परत येत नसतो.

छातीशी बांधलेल्या फडक्यात तीन बाटल्या. तोंडं मेणाने बंद, चिठ्ठ्या डकवलेल्या. "बोगद्याच्या वरचं पाणी." ही तडकलेली, रिकामी. "बोगद्याच्या खालचं पाणी." हीही तडकलेली. तिसरी धड, भरलेली. आमच्या आडातून त्याने कसं काढलं, मला माहीत नाही. चिठ्ठीवर त्याचं ते वाकडं अक्षर: "पुलाजवळचं घर. तोकुचा आड. २१ जानेवारी." नागाईसाहेबांनी मागितलं होतं, ते जानेवारीचं पाणी.

प्रेत अंगणात ठेवलं होतं. सगळं गाव होतं. ओतामीला वाचता येत नाही, तिने भटजींकडून वाचून घेतलं. मग ती गर्दीतून माझ्यापर्यंत आली आणि तिसरी बाटली माझ्या हातात ठेवली.

"भावजी, ही तुमची आहे."